दीड इंचाचा पाइप

डहाणूत बोट बुडाली म्हटलं की अजूनही १३ जानेवारी २०१८ ही तारीख निघते. शनिवारची सकाळ होती. साडेअकराच्या सुमारास ज्युनिअर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना समुद्रात फिरवायला नेलेली बोट किनाऱ्यासमोर उलटली आणि तीन मुली गेल्या. बोटीत माणसं जास्त होती आणि सगळी एका बाजूला झाली, ही कारणं लहान मुलालाही समजली.

मासेमारीच्या बोटी वेगळ्या रीतीने जातात. बातमीत ‘इंजिनात बिघाड’ एवढे दोन शब्द येतात आणि विषय मिटतो. त्या दोन शब्दांच्या आत काय असतं ते इथे मांडलं आहे. पुढचा घटनाक्रम अमुक एका बोटीचा नाही. समुद्राचं पाणी मशीनपर्यंत नेणारा रबरी पाइप निकामी झाला तर काय, कशानंतर आणि किती वेळाने होतं, याचा हा हिशेब आहे. बोट कल्पनेतली, खाडी मात्र डहाणूचीच. वेळा उधाणाच्या दिवसातल्या आहेत, रात्री दीडला पूर्ण भरती आणि दुपारी दोनच्या आसपास दुसरी. शून्य म्हणजे दुपारचे ३ वाजून १० मिनिटं.

दहा आठवडे आधी

मे संपतो, १ जूनला मासेमारी बंद होते, बोट वर ओढून शाकारली जाते. बंदीचे ६१ दिवस हेच दुरुस्तीचे दिवस. पैसा कुठे जातो ते पाहिलं तर माणसाचा स्वभाव दिसतो: फळ्यांच्या फटी भरायला, रंगाला, नव्या जाळ्याला, देवाच्या नावाच्या पाटीला. मशीनचं तेल बदलतात, फिल्टर बदलतात. पाइपाकडे कोणी बघत नाही, कारण तो मशीनच्या पोटाखाली, अंधारात असतो आणि वरून काळा कुळकुळीत दिसतो.

मशीन ट्रकच्या घराण्यातली, सहा सिलिंडरची. ट्रकला रेडिएटर आणि वारा असतो, बोटीला समुद्र. बोटीच्या तळाला भोक, त्यावर कॉक, कॉकपासून पंपापर्यंत दीड इंची पाइप. पंपात रबराचा इम्पेलर. तो खारं पाणी ओढून कूलरमध्ये ढकलतो. कूलरमध्ये एका बाजूने मशीनचं गोडं पाणी फिरतं, दुसऱ्या बाजूने खारं. गोड्या पाण्याची उष्णता घेऊन खारं पाणी बोटीच्या कुशीतून धार होऊन बाहेर पडतं. एवढीच यंत्रणा. याच खाडीच्या पाण्यावर डहाणूच्या ५०० मेगावॉट औष्णिक केंद्रातले कंडेन्सरही थंड होतात, फक्त तिथे पाइपांवर लक्ष ठेवायला पगारी माणसं आहेत.

कॉक ते पंप हा पाइप बाकीच्यांहून वेगळा असतो. बाकीचे पाइप आतल्या दाबाने फुगतात, हा ओढला जातो. म्हणून त्याच्या रबरात तारेचं वेटोळं लागतं, नाहीतर तो चपटा होतो. आपल्या बोटीवर तीन हंगामांपूर्वी घाईत बसवलेला पाइप शेतीच्या सामानाच्या दुकानातला आहे. तार आहे, पण साधी. टोकाला कापलेल्या जागी खारं पाणी तारेला लागलं, तार गंजली, गंजाने फुगली आणि रबराचे थर आतून सुटू लागले. दोन महिने कोरडं पडल्यावर आत मिठाचे खडे धरले. बाहेरून काहीच नाही. टोकाजवळ बोटांनी दाबला असता तर आतून कुरकुर ऐकू आली असती आणि मधल्या भागापेक्षा टोक मऊ लागलं असतं. या परीक्षेला अर्धं मिनिट लागतं.

बावीस तास आधी, संध्याकाळी ५:१०

डिझेल भरलं, बर्फ चढला. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की बोटी निघत. आता कॅलेंडर निघायला सांगतं. २०२३ साली अधिक श्रावण आला, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला गेली आणि हंगाम मात्र १ ऑगस्टलाच उघडला. पहिल्या दिवसाचा भाव चांगला असतो, कर्ज अंगावर असतं, समुद्र अजून पुरता शांत झालेला नसतो. गुजरातने आपली बंदी १५ ऑगस्टपर्यंत नेली. आपल्याकडच्या मच्छीमार संस्थाही तेच मागतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

ड्रायव्हर मशीन चालू करून बघतो. कॉकजवळच्या क्लिपखाली पाण्याचा एक थेंब. तो स्क्रूड्रायव्हर घेतो, क्लिप अर्धा फेरा आवळतो. थेंब थांबतो.

या अर्ध्या फेऱ्याबद्दल ड्रायव्हरला दोष देणं सोपं आहे. बोटीवर सगळेच असं करतात, कारण तो उपाय लागलीच लागू पडतो. पण आधीच मऊ झालेल्या रबरात क्लिपची धार अजून रुतली. थेंब थांबला आणि चिरेला जागा मिळाली.

तेरा तास चाळीस मिनिटं आधी, रात्री १:३०

भरती पूर्ण. डहाणूची खाडी ओहोटीला रिकामी होते, बोटी चिखलात बसतात. मुंबईहून उत्तरेकडे गेलं की भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, त्यामुळे इथलं सगळं येणं-जाणं पाण्याच्या वेळेला बांधलेलं. बोटीचा प्रमुख तांडेल, ड्रायव्हर आणि चार खलाशी, त्यातले दोघे तलासरीकडचे. खाडीच्या तोंडाशी मशीन हळू चालते आहे, कुशीतली धार जाड आहे. ड्रायव्हर बॅटरीच्या उजेडात तिच्याकडे एकदा बघतो. हळू मशीनला सगळंच ठीक दिसतं.

बारा तास आधी, पहाटे ३:१०

मोकळ्या समुद्रात मशीनला पूर्ण रेस दिली. पंप जोरात ओढू लागला आणि सुटलेला आतला थर पाइपाच्या पोकळीत लोंबू लागला. पाणी कमी झालं. काटा नेहमीच्या जागेवरून थोडा वर गेला. ड्रायव्हरने रेस कमी केली, काटा उतरला. त्याने निष्कर्ष काढला, ‘पाणी गाळायच्या जाळीत कचरा आला असेल.’ पावसाळ्यात खाडीच्या तोंडाला प्लास्टिक असतंच, तेव्हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही. त्याने जाळी उघडली, थोडा कचरा निघालाही. आता संशयाला कारण उरलं नाही.

नऊ तास आधी, सकाळी ६:१०

किनाऱ्यापासून चौदा सागरी मैलांवर जाळी सोडलेली, मशीन बंद. या वेळेत फारसं काही घडत नाही. चहा होतो, दोघं झोपतात. पाइपाच्या चिरेतून पाणी ठिबकतं आहे, पण लाकडी बोटीच्या तळात थोडं पाणी असतंच. त्यातलं पाइपाचं कुठलं आणि फळीचं कुठलं, हे वेगळं काढणार कोण?

साडेचार तास आधी, सकाळी १०:४०

जाळी ओढायला सुरुवात. नैर्ऋत्येचा वारा वाढलेला, लाट आखूड आणि उभी. मासळी बऱ्यापैकी, थोडी पापलेटही आहेत. तांडेल घड्याळ बघतो. दोनची भरती धरायची आहे. ती चुकली तर खाडीत पाणी नाही. मध्यरात्रीनंतरच्या भरतीपर्यंत या वाऱ्यात बाहेर हेलकावे खात राहायचं, आणि मासळीचा भाव पडायचा. पुढच्या प्रत्येक निर्णयामागे हेच दोनचं घड्याळ आहे.

११:४० ला बोटीचं तोंड किनाऱ्याकडे वळतं. रेस पूर्ण.

अडीच तास आधी, दुपारी १२:४०

क्लिपच्या धारेजवळ रबर चिरलं, बोटभर लांब. इथे या पाइपाची फसवी बाजू समोर येते. मशीन जोरात चालू असताना पंप ओढतो, त्यामुळे चिरेतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. ड्रायव्हरने आता फळी उचलून पाहिलं असतं तरी पाइप कोरडा दिसला असता. मशीन थांबली की उलटं होतं: हवा आत जायची थांबते आणि समुद्र आत यायला लागतो. म्हणजे ही गळती मशीन चालू असेपर्यंत लपून राहते आणि मशीनची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच उघड होते.

कुशीतली धार तुटक झाली, खोकल्यासारखी. ती उजव्या कुशीला होती. खलाशी सगळे डाव्या बाजूला जाळ्यातली मासळी सोडवत होते.

दोन तास पाच मिनिटं आधी, दुपारी १:०५

पंपात पाण्यापेक्षा हवा जास्त. रबरी इम्पेलरला पाणी हेच वंगण. कोरडा फिरला तर मिनिटा-दोन मिनिटांत त्याची पाती भाजून तुटतात. तुकडे कूलरच्या तोंडाशी जाऊन बसले. आता पाइप नवा घातला असता तरीही पाणी फिरलं नसतं.

काटा चढला. ड्रायव्हरने तांडेलला ओरडून सांगितलं. तांडेलने पुढे पाहिलं, किनारा दिसत होता. ‘थोडंच राहिलंय, हळू चालव.’ भरती नसती तर त्याने मशीन बंद करायला सांगितली असती, असं मला वाटतं. तिथेच मशीन थांबवून नांगर टाकणं, ही मशीन वाचवण्याची शेवटची खरी संधी होती.

एक तास छप्पन्न मिनिटं आधी, दुपारी १:१४

गोडं पाणी उकळलं. मशीनच्या डोक्यावरचा पाइप, तोही जुनाच, दाबाने फुटला आणि मशीनघर वाफेने भरलं. ड्रायव्हर मागे सरला. वाफ थोडी विरल्यावर त्याने काटा पाहिला, तर काटा खाली आलेला.

अनुभवी माणसंही इथे फसतात. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच पाण्याची उष्णता सांगतो. पाणी निघून गेलं की तो हवेत उघडा पडतो आणि मशीन तापून लाल होत असताना खालचा आकडा दाखवू शकतो. काटा एकदम उतरला तर तो दिलासा समजू नये, मशीन त्या क्षणी बंद करावी. आपल्या बोटीवर त्यानंतर सहा मिनिटं मशीन चालली.

एक तास पन्नास मिनिटं आधी, दुपारी १:२०

पिस्टन घासले, मशीन कण्हत थांबली. किनारा अडीच सागरी मैलांवर, वारा सरळ किनाऱ्याकडे. तांडेलने नांगर टाकला. तळ चिखलाचा होता, नांगराने धरलं. बोट लाटेला तोंड देऊन उभी राहिली. इथपर्यंत सगळं सावरण्यासारखं होतं.

एक तास चाळीस मिनिटं आधी, दुपारी १:३०

मशीन थांबल्याने चिरेतून समुद्र आत. ड्रायव्हरने रबराची पट्टी घेतली, गुंडाळण्यासाठी पाइप ओढला आणि तो कॉकवरून सुटून हातात आला.

पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवरचं दीड इंची उघडं तोंड मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत सोडतं. वीस लिटरच्या बादल्या धरल्या तर दर मिनिटाला सात, तासाला आठ टनांहून जास्त. चार माणसं बादल्यांनी हे काही मिनिटं उपसू शकतात, तासभर नाही. पाणी काढायचा मोठा पंप मशीनच्या पट्ट्यावर चालणारा होता, म्हणजे तोही मेला.

उपाय दोन. पहिला, कॉक बंद करणे. गेल्या हंगामापासून कोणी फिरवला नसल्याने तो गच्च बसला होता. पाना लावून जोर दिला तेव्हा दांडी वाकली. दुसरा, निमुळती लाकडी खुंटी ठोकणे. कोणताही सुतार ती पाच मिनिटांत तासून देतो आणि ती कॉकलाच दोरीने बांधून ठेवायची असते. ती नव्हती. शेवटी ड्रायव्हरने बनियन कोंबली आणि पाय देऊन बसला. पाणी निम्म्याहून कमी झालं, पण एक माणूस तिथेच अडकला आणि मशीनची बॅटरी आधीच पाण्यात गेली होती.

बॅटरीबरोबर वायरलेसही गेला. चॅनल १६ वर हाक मारायची तर ती मशीन थांबल्या थांबल्या, पहिल्या पाच मिनिटांत मारायची होती. ती पाच मिनिटं ‘बघू, सुरू होईल’ यात गेली.

एक तास पंचवीस मिनिटं आधी, दुपारी १:४५

किनारा जवळ, त्यामुळे मोबाइलला रेंज होती. पहिला फोन बोटीच्या मालकाला. दुसरा घरी. तिसरा ओळखीच्या बोटीला. ती भरती धरून खाडीत शिरत होती, परत वळायची तर तिचीही भरती जाणार. तरी तिने ‘येतो’ म्हटलं. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर चौथा लागला, २ वाजून ५ मिनिटांनी. डहाणूत तटरक्षक दलाचं ठाणं आहे, किनारी पोलिसांचा १०९३ आहे, पण त्यांचं घड्याळ आपण फोन करू तेव्हा सुरू होतं.

एक तास आधी, दुपारी २:१०

तळात चार-पाच टन पाणी. बोट जड झाली, प्रत्येक लाटेला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर येण्याऐवजी आत घुसू लागली आणि नांगराच्या दोराला हिसके बसू लागले. नाळेच्या कडेवर दोर घासत होता. तिथे गोणपाट गुंडाळायला हवं होतं, पण सगळे हात बादल्यांवर होते. दोर तुटला. दुसरा नांगर नव्हता.

जाळं पाण्यात सोडून बोट लाटेच्या तोंडाला धरता येते, ही जुन्या माणसांची युक्ती. तांडेलला ती आठवली. नवं जाळं, ज्याच्यावर कर्ज होतं, त्याने सोडलं. या सगळ्या घटनाक्रमातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. वाहून जाण्याचा वेग त्याने कमी झाला, थांबला नाही.

वीस मिनिटं आधी, दुपारी २:५०

ज्यांच्याकडे लाइफ जॅकेट होती त्यांनी ती घातली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी डिझेलचे रिकामे कॅन धरले. दुसरी बोट दिसत होती, पण तिने टाकलेला दोर दोनदा वाऱ्याने परतला.

शून्य, दुपारी ३:१०

डहाणूच्या किनाऱ्यालगत खडकांचे पट्टे आहेत. ओहोटीला उघडे, शिंपल्यांनी भरलेले; भरतीत वरून फक्त पांढरं पाणी दिसतं. बोट तिथे टेकली. जड बोट लाटेबरोबर उचलली जाऊन त्याच जागी तीन-चारदा आपटली, चौथ्या आपटीला तळाच्या फळ्या सुटल्या. माणसं वाचली की नाही, हे त्या लाटेला आणि दुसऱ्या बोटीच्या तांडेलच्या हिमतीला विचारायचं. बोट मात्र गेली.

हाच पाइप दुसऱ्या समुद्रात फुटला तर शून्य वेगळं असतं. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरची आदिवासी मुलं दर हंगामाला ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तिथे खडक नाही, हद्द आहे, आणि ती पाण्यावर आखलेली नाही. पाकिस्तानने धरलेल्या बोटी मासळीच्या मागे गेलेल्या असतात, तशा मशीन बंद पडून वाहत गेलेल्याही असू शकतात. पकडणाऱ्याला दोन्ही सारख्याच. दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार होते, १ जुलैला १९३. त्यांच्यातल्या तलासरीच्या मुलाने मशीनघरात कधी पाऊलही टाकलेलं नसतं. पाइप बदलायचा की नाही हे ठरवणारा मालक घरी असतो.

आता पाइप बदलण्याच्या कामाचं. डहाणूत हे काम बोट वर न ओढता होतं, आणि ही सोय सगळ्याच बंदरांना नाही. ओहोटीला बोट चिखलात बसली की तळाचं भोक उघडं पडतं. पाणी परत चढेपर्यंत चार तास तरी मिळतात.

जुना पाइप ओढून काढायचा नाही. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला तर कूलरची पितळी नळी वाकते, आणि ती पाइपाच्या कितीतरी पट महाग. ब्लेडने उभा चिरायचा, सालीसारखा निघतो. नळीवरचा गंज आणि मीठ पॉलिश पेपरने साफ. नवा पाइप तारेचाच, समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेला, वळणावर न दुमडणारा, मशीनच्या हादऱ्याने कशाला घासणार नाही इतक्या अंतरावरून नेलेला. बसवताना साबणाचं पाणी लावायचं, ग्रीस किंवा तेल नाही, ते रबर खातं. पाण्याखालच्या प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोर. दुकानात क्लिप घेताना लोहचुंबक न्यावा: पट्टी स्टीलची आणि स्क्रू साधा लोखंडी, असा माल सर्रास मिळतो. कॉक उघडून, साफ करून, ग्रीस भरून दहा वेळा फिरवायचा. खुंटी बांधायची.

भरती चढली की मशीन चालू करून दहा मिनिटं पूर्ण रेसवर ठेवायची आणि तेवढा वेळ पाइपाकडे बघायचं, तो चपटा होतो का. मग मशीन बंद करून आणखी पंधरा मिनिटं बॅटरी घेऊन तिथेच बसायचं, कारण ओढणाऱ्या बाजूची गळती मशीन थांबल्यावरच दिसते.

काढलेला पाइप फेकायच्या आधी पूर्ण उभा चिरून आतून बघावा. आतला थर सुटलेला किंवा तार तांबूस दिसली, तर त्याच्या वयाचे बाकीचे पाइपही त्याच ओहोटीत काढायचे.